जुनी अमेरिकन कूपे परवडते कुणाला?

मागे उतरत गेलेलं छप्पर, दोनच दारं, लांबलचक बॉनेट आणि क्रोमचा झळझळीत बंपर. अशा गाडीचा फोटो जाहिरातीत दिसला, खाली 'पूर्ण रिस्टोअर केलेली' असं लिहिलेलं असलं आणि मागितलेली रक्कम नव्या एसयूव्हीपेक्षा कमी असली, तर अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या माणसालाही मोह होणारच. तो व्हावाही. या गाड्या देखण्या आहेत, आणि कुणी हौसेनं चालत्या ठेवल्या तरच पुढच्यांना त्या रस्त्यावर दिसतील. पण इसार देण्याआधी ही स्वस्ताई कुठून आली, ते समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत अशी गाडी खरोखरच बेताच्या किमतीत मिळू शकते, कारण मुळात ती श्रीमंतांसाठी बनलेलीच नव्हती. फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती, आणि पहिल्या वर्षातच चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. आजही तिचे दरवाजे, मडगार्ड, सीटची कव्हरं, इतकंच काय, अख्खी बॉडीसुद्धा नवी बनवून मिळते. सुटे भाग हाताशी असल्यानं दुरुस्ती आवाक्यात राहते आणि गाडीचा भावही. त्यातही व्ही-८ इंजिनवाल्या मस्टँगपेक्षा सहा सिलिंडरची साधी मस्टँग स्वस्त पडते. हे गणित मात्र बोटीत चढून आपल्याकडे येत नाही. वाहतूक, आयात शुल्क आणि कर भरता भरता तिथली स्वस्त गाडी इथे महाग होते. शिवाय स्टिअरिंग डावीकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार अशा गाडीला ठरवून दिलेलं इशारा देणारं उपकरण चालू स्थितीत असल्याशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही.

आपल्याकडे ज्या जुन्या अमेरिकन गाड्या उरल्यात, त्यातल्या बहुतेकांची वाट वेगळी होती. फोर्डनं १९२६ मध्ये मुंबईत कंपनी काढली, जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये उभी राहिली आणि कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यानं डॉज, प्लिमथ, डीसोटो जोडू लागली. डुक्कर फियाट त्यानंतरची. या कारखान्यांतून निघालेल्या गाड्या प्रामुख्यानं चार दारांच्या होत्या, कारण इथं गाडी म्हणजे अख्ख्या कुटुंबाची, आणि पुष्कळदा ड्रायव्हर ठेवून चालवायची. म्हणून वऱ्हाडात अस्सल दोन दारांची कूपे विकायला आली, तर ती आली कुठून, हा पहिला प्रश्न विचारावा.

त्याचं उत्तर कागदात असतं, आणि मी तर म्हणेन की गाडी बघायच्या आधी कागद बघावेत. अकोला जिल्हा १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे इथल्या एखाद्या जुन्या गाडीनं घरचं शेड न सोडता चार राज्यं पाहिली. त्या प्रवासात आरसी बुक हरवलेलं असतं, मूळ मालक वारलेला असतो आणि गाडी तिघा-चौघांच्या हातून नुसत्या स्टॅम्प पेपरवर फिरलेली असते. विकणाऱ्याचं नाव आरसीवर नसेल, तर तिथेच थांबावं. मालक वारला असेल तर वारसानं आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. त्यानंतर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर अकोल्याच्या एमएच-३० मध्ये आणण्यासाठी तिथली एनओसीही लागते. चेसिस नंबरचं पेन्सिलनं ट्रेसिंग घेऊन ते आरसीशी अंक न् अंक ताडून बघावं.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी खास नियम केले. नव्या नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोज अकोल्याला ऑफिसला जायला नाही. आणि अट अशी, की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा.

इथंच 'रिस्टोअर' या शब्दाची परीक्षा होते. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कित्येक डॉज-शेव्हरोलेत पर्किन्सचं किंवा मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. त्या मालकांना दोष देता येत नाही, त्यामुळेच त्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. पण तशा गाडीला रंग मारून 'ओरिजिनल' म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. बॉडीचंही तेच. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायला वेळ आणि चांगला डेंटर लागतो, वर लांबी भरून रंग मारायला दोन्ही लागत नाहीत. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या कमानीला, डिकीच्या तळाला लावून बघा. जिथे ते धरत नाही, तिथे वर जाड लांबी आहे. त्याच तपासात गाडीखाली आडवं होऊन चेसिसही बघावी.

इंजिन ऐकायचं ते तापल्यावर. चाळीसच्या दशकातल्या शेव्हरोलेच्या साडेतीन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात व्हाइट मेटल ओतून केलेली बेअरिंग असतात. ती नव्यानं ओतून, नीट घासून बसवणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत आणि त्यांचा शोध खरेदीआधी घ्यावा, नंतर नाही. १९५४ पर्यंतच्या शेव्हरोले कारला बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे तापलेलं इंजिन पुन्हा चालू करताना स्टार्टर कण्हतो. वऱ्हाडी उन्हाळ्यात आणखी एक त्रास होतो. पंप आणि कार्बोरेटरच्या मधल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पंपाचा जुना रबरी पडदा आणि नळ्या खराब करतं. इथेनॉल सोसणारे पडदे-नळ्या घातल्यात का, हे विचारलंच पाहिजे. त्या घातलेल्या नसतील, तर गाडी चालवण्यासाठी नाही, विकण्यासाठी तयार केली आहे असं समजावं.

म्हणून बघायला जायचं ते मे महिन्यात, दुपारी. मालकाला सोबत बसवून बार्शीटाकळीहून महानच्या धरणापर्यंत न्यावी, तिथं बंद करून दहा मिनिटं उभी ठेवावी आणि पुन्हा चालू करावी. तेलाच्या दाबाचा काटा जागेवर राहिला, रेडिएटर उतू गेला नाही आणि गाडी बिनढकलता परत आली, तरच भावाची बोलणी करावी.