झेंडा कोणाचा, कायदा कोणाचा?
(एस. वाय. बी. ए.)

आमचे गाव माण तालुक्यातले. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील मुलाने समुद्राच्या कायद्यावर लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण कारण घरचेच आहे.

माझा चुलतभाऊ बारावीनंतर बोटीवर नोकरीला निघाला. त्यासाठी मुंबईच्या एका एजंटाने तीन लाख रुपये घेतले. चुलत्यांनी विहिरीकडचे रान गहाण टाकले. पावती मिळाली नाही. आठ महिन्यांनी भाऊ रिकाम्या हाताने परतला. परदेशी बंदराबाहेर बोट नांगरून मालक नाहीसा झाला होता. घरी सर्वांनी नशिबाला बोल लावला. मी मात्र ग्रंथालयात शोधू लागलो, तेव्हा कळले की नशिबापेक्षा आमच्या अज्ञानाचा वाटा मोठा होता.

पहिला प्रश्न हद्दीचा. खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याच देशाचा कायदा चालतो. मालक एका देशाचा, झेंडा पनामाचा आणि खलाशी आपले, असे पुष्कळदा असते. बंदरात शिरताच त्या देशाची सत्ता सुरू होते. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेलिसला 'मोरिया' बोटीवरून उडी घेतली, तेव्हा हाच हद्दीचा वाद उठला आणि तो हेगच्या लवादापर्यंत गेला. १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. विमानातील गुन्ह्यांबाबतही, विमानाची नोंदणी ज्या देशात, त्या देशाला अधिकार असतो. १९६३ च्या टोकियो कराराचे हे तत्त्व भारताने १९७५ मध्ये कायदा करून स्वीकारले.

दुसरा प्रश्न पगाराचा, आणि आमच्या दृष्टीने तोच मोठा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ मध्ये सागरी कामगारांसाठी करार केला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि खलाशाचे नोंदपुस्तक यांचा खर्च तेवढा त्याच्याकडून घेता येतो. सहीच्या करारपत्राची एक प्रत त्याला मिळालीच पाहिजे. दोन महिने पगार थकवून मालकाने संबंध तोडले, तर खलाशांना वाऱ्यावर सोडले असे धरले जाते. अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार, अन्नपाणी आणि परतीचा खर्च यांची हमी विम्याने द्यावी लागते. ही तरतूद जानेवारी २०१७ पासून लागू आहे.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे, मालक सापडला नाही तरी जहाज सापडते! २०१७ च्या भारतीय कायद्याप्रमाणे जहाज आपल्या हद्दीत असेल, तर मुंबई उच्च न्यायालय पगारासाठी ते अटकवून ठेवू शकते. जहाज विकले गेले, तर त्या पैशावर खलाशाच्या पगाराचा हक्क बँकेच्या गहाणाच्याही आधी येतो. सावकाराआधी गड्याची मजुरी द्यावी, असे सांगणारा हा कायदा मला फार आवडला.

प्रवाशांविषयीही थोडे सांगतो. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात १९९९ चा माँट्रिअल करार आपल्याकडे २००९ पासून लागू आहे. सामान मोडले तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाले तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. तोंडी भांडण कितीही मोठ्याने केले, तरी ते हिशोबात धरले जात नाही.

आमच्या भावाजवळ ना पावती होती, ना करारपत्राची प्रत. हक्क होता, पण हातात कागद नव्हता. रान अजून गहाणच आहे.

गेल्या दिवाळीत गावातील एक मुलगा असाच निघाला होता. एजंटाचे नाव नौवहन महासंचालनालयाच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का, ते आम्ही दोघांनी मिळून पाहिले. नाव नव्हते. त्याने पैसे भरले नाहीत. त्याचे वडील मला म्हणाले, "तुझ्या शिक्षणाचा आम्हाला उपयोग झाला बघ." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेतील गुणांपेक्षा ते वाक्य मला मोठे वाटले.