विश्लेषण : फी कंपनीची, मग ऑडिटर कोणाचा?

७ जानेवारी २००९. ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या पत्राने शेअर बाजार हादरला. ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकेतली शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच! दरवर्षी ऑडिट होत असूनही हे कळलं कसं नाही?

ऑडिटर कोणासाठी काम करतो?
कंपनी चालवतात संचालक, पैसा असतो भागधारकांचा. संचालकांनी मांडलेले हिशेब तपासून भागधारकांना खरं काय ते सांगणं हे ऑडिटरचं काम. भागधारकच वार्षिक सभेत त्याची नेमणूक करतात. पण फी जाते कंपनीच्या तिजोरीतून. ज्याच्याकडून फी घ्यायची, त्याच्याच चुका काढायच्या. खरा पेच इथेच आहे.

‘सत्यम’मध्ये काय चुकलं?
खात्यात किती पैसे आहेत, याची खातरजमा ऑडिटरने थेट बँकेकडून करायची असते. ‘सत्यम’ची नोंदणी अमेरिकी बाजारातही होती. तिथल्या एसईसी या नियामकाने २०११ मध्ये ठपका ठेवला, की प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय फर्म्सनी ही प्रक्रिया कंपनीच्याच हाती सोडली होती. या फर्म्सनी आरोप मान्य वा अमान्य न करता तडजोड केली.

आता नियम काय आहेत?
कंपनी कायदा, २०१३ नुसार :
• सूचीबद्ध कंपनीचं ऑडिट एका फर्मला सलग १० वर्षंच करता येतं. त्यानंतर ५ वर्षं तिथे पुन्हा नेमणूक नाही.
• ऑडिटरला त्याच कंपनीचे हिशेब लिहिणं, अंतर्गत ऑडिट करणं किंवा गुंतवणुकीचा सल्ला देणं यांना मनाई आहे.
• त्याच्याकडे त्या कंपनीचे शेअर्स असता कामा नयेत.
• १ कोटी किंवा अधिक रकमेचा गैरव्यवहार आढळला, तर केंद्र सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

२०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण (एनएफआरए) स्थापन झालं. दोषी ऑडिटरला दंड आणि कामावर बंदी, दोन्हींचे अधिकार त्याला आहेत.

गुंतवणूकदारांनी काय पाहावं?
वार्षिक अहवालात ऑडिटरचा अहवाल असतो. त्यात ‘क्वालिफाइड ओपिनियन’ दिसलं, तर ती शाबासकी समजू नका. काही हिशेब ऑडिटरला पटलेले नाहीत, असा त्याचा अर्थ. ऑडिटरने मुदतीआधीच राजीनामा दिला असेल, तर त्याचं कारण जरूर वाचा. कधी कधी खरी बातमी तिथेच असते.