कमांड लाइनवरील फाइल व्यवस्थापन

कमांड लाइनवरील फाइल व्यवस्थापन म्हणजे संगणकातील फायली व निर्देशिका, अर्थात रूढ भाषेतील फोल्डर, माउसऐवजी टंकलेल्या आज्ञांनी तयार करणे, हलवणे, त्यांच्या प्रती काढणे व त्या पुसणे. लिनक्स व इतर युनिक्स-सदृश प्रणालींत हे काम ‘शेल’ या प्रोग्रॅममार्फत चालते. प्रस्तुत लेखात आज्ञा व त्यांचे पर्याय उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावे लागतात.

पार्श्वभूमी

युनिक्स प्रणालीचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संस्थेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी केला. त्या काळी वापरात असलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहाच अक्षरे छापत असे. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम अशी दोन-दोन अक्षरांची नावे अशा संथ यंत्रांना सोयीची होती; ती आजही टिकून आहेत. मराठीतून हा विषय शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील लिनक्सविषयक ध्वनिचित्रपाठ उपलब्ध आहेत. पाठ ऐकत असतानाच शेजारी टर्मिनल उघडून तीच आज्ञा स्वतः टंकावी, अशी त्यांची पद्धत आहे.

निर्देशिकांची उतरंड

निर्देशिकांची रचना महसुली विभागणीसारखी असते. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत. त्यांपैकी भातकुली तालुक्यात खोलापूर, आसरा ही गावे येतात. हीच रचना सरावासाठी घेतल्यास ‘एमकेडीआयआर -पी सराव/अमरावती/भातकुली/खोलापूर’ या एकाच आज्ञेने चारही पातळ्या तयार होतात. ‘-पी’ हा पर्याय गाळल्यास वरच्या निर्देशिका आधीपासून अस्तित्वात असाव्या लागतात, अन्यथा आज्ञा नाकारली जाते.

सीडी ही आज्ञा एका निर्देशिकेतून दुसरीत नेते. पीडब्ल्यूडी सध्याचे ठिकाण सांगते. दोन टिंबे म्हणजे एक पातळी वर. त्यामुळे आसरा ही निर्देशिकाही भातकुलीखाली तयार केलेली असल्यास, खोलापुरातून ‘सीडी ../आसरा’ म्हटले की पुरे. मात्र असा सापेक्ष मार्ग उभे असलेल्या जागेवरून मोजला जातो. एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असतात. तद्वत चुकीच्या ठिकाणी दिलेली बरोबर आज्ञा दुसऱ्याच फायलींवर चालते. काही पुसण्यापूर्वी पीडब्ल्यूडी देण्याची सवय म्हणूनच सुरुवातीला लावली जाते.

हलवणे आणि पुसणे

एमव्ही ही आज्ञा फाइल हलवते आणि तीच तिचे नावही बदलते. या दुहेरी स्वरूपातून एक सहज न कळणारा धोका उद्भवतो. समजा, ‘एमव्ही पीकपेरा खोलापूर’ याऐवजी घाईत ‘खोलपूर’ असे टंकले गेले. त्या नावाची निर्देशिका नसल्याने शेल चूक दाखवत नाही; पीकपेरा या फाइलचेच नाव खोलपूर होते. त्यानंतर तशाच चुकीने दुसरी फाइल हलवल्यास ती पहिलीवर लिहिली जाते आणि पहिली कायमची नाहीशी होते. गंतव्य नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिल्यास (‘खोलपूर/’) आज्ञा नाकारली जाते व हा प्रसंग टळतो. ‘-आय’ पर्याय दिल्यास जुन्या फाइलवर लिहिण्यापूर्वी परवानगी विचारली जाते.

आरएम या आज्ञेने पुसलेली फाइल रद्दीच्या टोपलीत जात नाही. निर्देशिकेतील तिची नोंद खोडली जाते आणि तिने व्यापलेली जागा इतर मजकुरासाठी मोकळी होते. ‘आरएम *जुने’ म्हणजे जुने या शब्दाने संपणाऱ्या सर्व फायली पुसणे; परंतु तारकेनंतर एक मोकळी जागा पडली की ‘*’ आणि ‘जुने’ ही दोन स्वतंत्र नावे ठरतात व त्या निर्देशिकेतील जवळपास सर्व फायली जातात. म्हणून आरएमच्या जागी प्रथम इको लिहून पाहावे. कोणती नावे जुळतात ते दिसते आणि काहीही पुसले जात नाही. रिकाम्या निर्देशिकेसाठी आरएमडीआयआर अधिक सुरक्षित आहे, कारण आत काही शिल्लक असल्यास ती थांबते.

देवनागरी नावे

लिनक्समध्ये फाइलला मराठी नाव देता येते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; ‘भातकुली’ या नावात काना व वेलांट्या धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट आहेत. ईएक्सटी४ या नेहमीच्या फाइल प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने ८५ चिन्हांपेक्षा मोठे मराठी नाव चालत नाही. रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ मात्र येथे उद्भवत नाही.

खरी अडचण ‘वऱ्हाड’ या शब्दात आहे. यातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: एक, ‘ऱ’ आणि हलन्त, दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या पद्धतीत हा शब्द १८ बाइटांचा, तर दुसरीत २१ बाइटांचा होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शेल बाइट जुळवते. त्यामुळे एकाच ठिकाणी ‘वऱ्हाड’ नावाच्या दोन निर्देशिका राहू शकतात, किंवा समोर दिसणाऱ्या निर्देशिकेबद्दल ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळू शकते. दोन संगणकांवर वेगवेगळे कळफलक वापरले असल्यास हे घडण्याचा संभव अधिक. अशा वेळी नाव पुन्हा न टंकता ‘व’ लिहून टॅब कळ दाबावी, म्हणजे शेल अस्तित्वात असलेली नावे स्वतः पुरवते. किंवा एलएसचा निकाल ओडी या आज्ञेकडे वळवून प्रत्यक्ष बाइट तपासावेत. काही टर्मिनलांत जोडाक्षरे तुटक दिसतात, परंतु तो केवळ चित्रणाचा दोष असून मूळ नाव अबाधित असते.