वाढत्या भाषेच्या संक्षेपाचा कारभार

मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढताना किंवा विजेचे बिल भरताना पडद्यावर जे पान उमटते, त्याच्या पाठीशी जावास्क्रिप्ट या भाषेतील सहस्रावधी ओळी असतात. परंतु प्रोग्रामरने त्या ज्या ऐसपैस रूपात लिहिलेल्या असतात, त्या रूपात त्या आपल्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. वाटेत मिनिफायर नावाचे एक साधन त्यांतील टिपा आणि मोकळ्या जागा काढून टाकते, ‘एकूणदेयरक्कम’ यासारखे नाव ‘क’ या एका अक्षरावर आणते, जी आज्ञा कधीच अमलात येणार नाही ती वगळते, आणि मंद जोडणीवरही पान लवकर उघडावे म्हणून फाइल आटोपशीर करून देते. दप्तरातील कारकून लांबलचक अर्जाचा गोषवारा काढतो तेव्हा तपशिलाचा थोडाफार संकोच क्षम्य ठरतो; येथे मात्र आकार कितीही घटला तरी प्रोग्रामच्या वर्तनात तिळमात्र फरक पडता कामा नये, आणि मूळ भाषाच दरसाल बदलत असताना ही अट पाळणे अत्यंत दुष्कर आहे.

डग्लस क्रॉकफर्ड यांचे जेएसमिन हे आरंभीचे साधन मुख्यतः टिपा आणि रिकाम्या जागा गाळण्यावर संतुष्ट होते. मिहाई बाझोन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले अग्लिफायजेएस पुष्कळ पुढे गेले: ते संपूर्ण प्रोग्रामचे व्याकरणदृष्ट्या पृथक्करण करते, कोणते नाव कोणत्या कक्षेत वैध आहे याचा निवाडा करते आणि मगच काटछाटीस हात घालते. या सामर्थ्याबरोबर एक बंधनही आले. भाषेतील एकही रचना अपरिचित असून चालेना. अनोळखी चिन्ह समोर आले की काम तेथेच ठप्प.

जून २०१५ मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाण व्याकरणाची मोठी आवृत्ती मंजूर झाली आणि तेव्हापासून एक्मा इंटरनॅशनल या संस्थेची टीसी-३९ ही समिती दर वर्षी नवी भर घालत आली आहे. अग्लिफायजेएस त्या वेळी जुन्या व्याकरणापुरतेच होते. नव्यासाठी निघालेली अग्लिफाय-ईएस ही शाखाही पुढे पोरकी झाली. परवाना मुक्त असल्यामुळेच २०१८ मध्ये तिच्यातून टर्सर हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहू शकला, आणि त्याच वर्षी वेबपॅक या जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाने त्याचा अंगीकार केला. अग्लिफायजेएसनेही यथावकाश नवे व्याकरण आत्मसात केले.

नव्या चिन्हाचा समावेश म्हणजे नेमके काय, हे जावास्क्रिप्टच्या २०२० च्या आवृत्तीतील ‘?.’ या जोडचिन्हावरून स्पष्ट होईल. एखादी वस्तू अस्तित्वात नसेल तर तिचा गुणधर्म विचारताना त्रुटी न येता मुकाट्याने ‘अनिश्चित’ असे उत्तर मिळावे, अशी ही सोय. आता ‘(अ?.ब).क’ यातील कंस निरर्थक समजून मिनिफायरने ‘अ?.ब.क’ असे लिहिले, तर दोन अक्षरे वाचतील खरी, पण ‘अ’ नसताना पहिल्या रूपात प्रोग्राम त्रुटी देऊन थांबतो आणि दुसऱ्यात काहीच न घडल्यासारखा पुढे जातो. सर्वस्वी शुद्ध लिहिलेला कोड अशा रीतीने वाटेत बिघडावा आणि लेखकाला आपल्या मसुद्यात कोठेही दोष सापडू नये, याहून वाईट अपघात या क्षेत्रात मला दिसत नाही.

याच चिन्हाची दुसरी बाजू अधिक मनोज्ञ आहे. मिनिफायर ०.५ या संख्येतील आरंभीचे शून्य गाळतात, त्यामुळे ‘अट? ०.५ : १’ ही जुनी रचना ‘अट?.५:१’ अशी होते, आणि तीत हे नवे जोडचिन्ह आयतेच घडलेले दिसते. तेव्हा ‘?.’ नंतर लगेच अंक आल्यास ते नवे चिन्ह मानू नये, असे कलमच प्रमाण व्याकरणात घालावे लागले. संक्षेपाची ही सवय भाषेच्या नियमकर्त्यांनाही विचारात घ्यावी लागली, ही त्या साधनांच्या व्याप्तीची केवढी साक्ष!

मिनिफायर सांभाळणाऱ्याचा पेच मात्र कायमचा आहे. समितीचा मसुदा पक्का होण्यापूर्वी नवी रचना स्वीकारावी, तर ती बदलण्याचा धोका. अंतिम मंजुरीपर्यंत थांबावे, तर उत्साही प्रोग्रामरांच्या तक्रारी. शिवाय नवे शिकताना जुने विसरण्याची मुभा नाही: सफारी या ब्राउझरच्या दहाव्या आवृत्तीतील दोषांना वळसा घालण्यासाठी टर्सरमध्ये स्वतंत्र पर्याय ठेवावा लागला आहे. अग्लिफायजेएसच्या कर्त्यांनी तर यदृच्छेने प्रोग्राम रचणारे एक परीक्षायंत्रच बाळगले आहे. ते प्रत्येक प्रोग्राम संक्षेपापूर्वी आणि संक्षेपानंतर चालवून दोन्ही उत्तरे ताडून पाहते. इतकी दक्षता मला केवळ तांत्रिक वाटत नाही. ज्यांची आपली कधी भेट होणार नाही अशा असंख्य वाचकांविषयीचा तो आदर आहे.

म्हणून ज्या मराठी प्रोग्रामरांच्या कामात ही साधने रोज राबतात, त्यांना एवढीच विनंती: दोष आढळला तर नुसती तक्रार न नोंदवता, तो दोष जसाच्या तसा दाखवणारा लहानात लहान कोड, साधनाची आवृत्ती आणि अपेक्षित उत्तर सोबत जोडा, आणि आपल्या कंपनीचा कारभार या साधनांवर चालत असेल, तर तिच्या वार्षिक खर्चात त्यांच्या प्रकल्पांसाठी एक रक्कम मंजूर करून घ्या.