सत्रापुरती नेमणूक आणि शिक्षकाचे हक्क

मध्य प्रदेशात सरकारी शाळांतील रिक्त जागांवर, इंग्रजीच्याही, ‘अतिथी शिक्षक’ नेमले जातात. ही नेमणूक शैक्षणिक सत्रापुरती असते आणि कायम शिक्षक रुजू होताच ती संपू शकते. परदेशी इंग्रजी शिकवणाऱ्यांचे मुदतबंद करारही असेच असतात, मात्र आखाती देशांत निवासाचा परवाना नोकरीशी बांधलेला असल्याने तेथे नोकरीबरोबर राहण्याचा आधारही जातो, आणि हा फरक लहान नव्हे.

गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला, की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येनुसार शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही. त्यामुळे बडतर्फीविरुद्ध कामगारांना खुली असलेली वाट शिक्षकांना बंद झाली. पुढे २००६ च्या उमादेवी निकालाने केवळ दीर्घकाळ तात्पुरते काम केल्यामुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे ठरवले, तर २०१६ च्या जगजीत सिंग निकालाने समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीतील किमान वेतन मान्य केले. वेतनाचा हा न्याय मोलाचा आहे, परंतु पुढच्या सत्रात वर्ग मिळेल की नाही, या शिक्षकाच्या मूळ चिंतेला तो स्पर्श करत नाही.