मोटारीत रेसिंग सीट बसवण्यापूर्वी

नांदेडच्या एमएच-२६ आणि लातूरच्या एमएच-२४ क्रमांकाच्या मोटारींमध्ये हौशी फेरबदल करून घेणारा एक तरुण वर्ग आहे. अलॉय चाके, रुंद टायर आणि घुमणारा सायलेन्सर ही या हौसेची पहिली पायरी. चालकाची मूळ सीट काढून तिच्या जागी शर्यतीच्या मोटारीतली 'बकेट सीट' बसवणे ही पुढची. अशी सीट आता घरपोच मागवता येते आणि लोखंडी पट्ट्या जोडून ती बसवून देणारा वेल्डरही मिळतो. काम अर्ध्या दिवसाचे असले तरी त्याचे परिणाम मात्र नीट समजून घ्यायला हवेत.

ही सीट म्हणजे फायबरग्लास किंवा कार्बन फायबरचे एकसंध कवच असते. काही सीटमध्ये पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. तिची पाठ झुकत नाही. मांड्या, बरगड्या आणि खांदे यांना दोन्ही बाजूंनी उंच आधार असतो, त्यामुळे वेगात वळण घेताना चालकाला स्टिअरिंग धरून स्वतःला सावरावे लागत नाही. खांद्यांवरून येणाऱ्या हार्नेसच्या पट्ट्यांसाठी पाठीत भोके ठेवलेली असतात. शर्यतींसाठी मान्यताप्राप्त सीटवर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे, म्हणजे 'एफआयए'चे लेबल असते. त्यातले ८८५५-१९९९ हे मानक सर्वपरिचित आहे. त्यानुसार सीटची मुदत उत्पादनापासून पाच वर्षांची असते. असे लेबल नसलेली, केवळ तशी दिसणारी सीट ही शोभेची वस्तू समजावी.

मोटार कंपनीने दिलेली सीटही केवळ गादी नसते. सीट, तिचे रेल, पट्टा, एअरबॅग आणि मोटारीचा तळ ही एकच साखळी असते. पुण्याची 'एआरएआय' किंवा अहिल्यानगरची 'व्हीआरडीई' अशा संस्थांच्या चाचण्यांतून मॉडेल मंजूर होते, ते ही साखळी अखंड असताना. एक कडी बदलली की बाकीच्या कड्यांचा हिशेब चुकतो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो पट्ट्याचा. अनेक मोटारींत पट्ट्याचे बकल मूळ सीटलाच जोडलेले असते. सीट निघाली की बकलही निघते आणि मग ते सोयीच्या जागी, कधी नुसत्या पत्र्याला, जोडले जाते. शिवाय बकेट सीटच्या उंच कडांमुळे कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवर घट्ट बसत नाही. तो कडांवरून तरंगत पोटावर येतो. अहमदपूर-लोहा मार्गावर उसाच्या हंगामात रात्री दिवे नसलेली ट्रॉली अचानक समोर आली आणि करकचून ब्रेक लावूनही धडक बसली, तर शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते आणि सारा जोर आतडी, यकृत आणि प्लीहा यांवर येतो. बाहेरून फारशी जखम न दिसताही आतल्या इजा किती घातक ठरतात, हे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत झालेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या अपघाताने मराठवाड्याने अनुभवले आहे. मागच्या सीटवर बसलेल्या मुंडे यांच्या मानेला आणि यकृताला इजा झाली होती.

यावर तोडगा म्हणून काही जण चार किंवा सहा टोकांचा हार्नेस लावतात. त्याने प्रश्न सुटत नाही, पुढे सरकतो. हार्नेस धडाला जखडून ठेवतो, पण डोके मोकळेच राहते आणि सगळा झटका मानेवर येतो. म्हणूनच फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून मान आवरणारे 'हान्स' हे साधन सक्तीचे आहे आणि ते हेल्मेटला जोडलेले असते. मोटार उलटून छत दबले, तर साध्या तीन टोकांच्या पट्ट्यात शरीर थोडे बाजूला कलू शकते. हार्नेसमध्ये मात्र ते ताठच राहते, म्हणून रोल केज हवा. आणि रोल केज बसवला की त्याच्या नळीवर डोके आपटू नये म्हणून हेल्मेट हवे. भाजी आणायला हेल्मेट घालून मोटारीतून कोण जाणार?

एअरबॅगचे प्रकरण याहून नाजूक आहे. काही मोटारींत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. जाड कव्हर शिवून ती बंद करण्याचा प्रकार आपल्याकडे आधीच बोकाळला आहे. सीट काढल्यावर खालचा पिवळा कनेक्टर सुटतो आणि डॅशबोर्डवरचा इशारा-दिवा लागतो. तो विझवण्यासाठी कनेक्टरमध्ये रेझिस्टर खोचून देणारे 'कारागीर' आहेत. दिवा विझतो, पण ती एअरबॅग गेलेलीच असते. ती मोटार पुढे विकत घेणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

आता कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल करता येत नाही. मागची सीट काढून टाकली की प्रमाणपत्रातील आसनक्षमताच खोटी ठरते. एका सीटच्या जागी दुसरी बसवली तर आकडा तोच राहतो, असा युक्तिवाद केला जातो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या तपशिलाला दिलेले महत्त्व पाहता त्यावर विसंबणे धाडसाचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला लेखी न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, हे वेगळेच.

रॅलीच्या मोटारींना नंबर प्लेट असते, त्या कशा चालतात, असे कोणी विचारेल. नाशिक परिसरात झालेल्या 'रॅली ऑफ महाराष्ट्र'सारख्या स्पर्धांत मोटारी दोन टप्प्यांमध्ये सार्वजनिक रस्त्यानेही जातात, हे खरे. पण त्यांत रोल केज, हार्नेस आणि हेल्मेट हे सारे एकत्र असते आणि स्पर्धेपूर्वी तपासणी होते. सीट बसवण्याचे नियमही काटेकोर आहेत. चार ठिकाणी किमान ८ मिलिमीटर व्यासाचे बोल्ट, पोलादी आधार व खालची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. पातळ तळपत्र्याला भोक पाडून वॉशर लावला की धडकेत बोल्ट पत्रा फाडून वर येतो, म्हणून ही प्लेट. ज्यांना खरोखर स्पर्धेतच उतरायचे आहे, त्यांनी वेगळी मोटार त्यासाठी तयार करावी, हे बरे.

पाठदुखीमुळे बकेट सीट हवी, असे सांगणारेही भेटतात. नांदेड-लातूर असा रोजचा प्रवास असणाऱ्यांची तक्रार खोटी नसते. पण स्थिर पाठ ही एका शरीराच्या मापाची असते. घरातल्या दुसऱ्या कोणी मोटार चालवायची म्हटले की अडचण. मे महिन्याच्या उन्हात त्या कवचात पाठ भिजते ती वेगळीच, आणि उंच कडांवरून चढ-उतार करताना दुखरी कंबर अधिकच बोलते. मूळ सीटची पाठ थोडी उभी करावी, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्यावी, हेडरेस्ट डोक्याच्या वरच्या कडेपर्यंत आणावा आणि कमरेमागे पातळ उशी ठेवून पाहावे. बहुतेकांचे काम एवढ्यात भागते.

ज्यांनी सीट आधीच बदलली आहे, त्यांनी मूळ सीट भंगारात दिली नसेल तर तीच परत बसवून घ्यावी. त्याआधी बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबावे, रेझिस्टर खोचला असल्यास काढावा आणि एअरबॅगची तपासणी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावी.