टेम्पोत दिव्यांसाठी दुसरी बॅटरी

आठवडी बाजारात टेम्पोतूनच कापड विकणाऱ्या बांधवांनी दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवावी. गाडीच्याच बॅटरीवर दिवे लावले, तर रात्री गाडी सुरू होत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा बाजार बुडतो.

हिशेब सोपा आहे. 20 वॉटचे चार एलईडी दिवे 12 व्होल्टवर सुमारे 7 अँपिअर घेतात. पाच तासांत 35 अँपिअर-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून 100 ची घ्यावी.

दोन्ही बॅटऱ्या थेट जोडू नका. मध्ये रिले हवा. इंजिन बंद होताच तो जोड तोडतो. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर चालत्या गाडीत व्होल्टेज कमी करतो. तिथे डीसी-डीसी चार्जर लावावा. 20 अँपिअरच्या चार्जरला एवढी भरपाई करायला सुमारे दोन तासांचा प्रवास लागतो. वायर जाड घ्या, दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज बसवा. माल कापडाचा आहे, एक ठिणगी पुरे.